मखमलीची उलटी लव

३ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. भावजी आणि पिल्लू मजेत असतील. इकडे सगळं ठीक. आमचे ‘हे’ अजून चहात चोरून साखर घालतात.

माझा संधिवात आहे तसाच. सकाळी बोटं सुटायला दहा वाजतात. डॉक्टरीणबाई मात्र माझ्यावर भलत्याच खूश. मंगळवारी नव्या रोग्यांपुढे मला बसवून म्हणाल्या, “बारा वर्षं हे दुखणं, पण बाईंनी काम सोडलं नाही. याला म्हणतात जिद्द!” टाळ्या पडल्या. मीही फुशारले, खोटं कशाला सांगू.

मग सुजल्या बोटांची एक तरुण मुलगी म्हणाली, “कामावर कळू न देता कसं निभावलंत हो?”

कसं निभावलं, ते तुलाच सांगते.

धाकटे, नाट्यगृहाचा तो पडदा मी कापला होता. मखमलीचा प्रत्येक पट्टा टेबलाच्या पहिल्या टोकापासून अंथरायचा, लव उलटी झाली की रंग वेगळा दिसतो, हे तुला मीच शिकवलं. पण त्या सकाळी तो जड तागा दर वेळी मागे न्यायला मनगटं तयार नव्हती. मी मागेपुढे घड्या घातल्या, म्हणजे एकाआड एक पट्टा उलटा, तसंच कापलं, आणि सगळ्या पट्ट्यांना ‘ही बाजू वर’ अशी खूण एकाच कडेला केली. तू माझ्या खुणांवर विसंबून शिवलंस. पडदा टांगला तर एक पट्टा काळपट, एक उजळ.

“खुणा कोणी केल्या?” मालकांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. माझं सांगितलं असतं तर त्यांनी माझे हात पाहिले असते.

तू भांडशील वाटलं होतं. तू नुसती कात्री खाली ठेवलीस आणि डबा उचलून निघालीस. दोन वर्षं झाली. सख्ख्या जावा आपण, पण खरं काय ते तू भावजींनासुद्धा सांगितलं नाहीस. ते मला जास्त लागतं.

काल मालकांना खरं सांगितलं. ते म्हणाले, “मूठ वळून दाखवा.” वळली नाही. आजपासून माझं काम बंद. मन हलकं वगैरे काही झालं नाही गं, पोटभर रडले. हातांना काम नसलं की दुखणं दुप्पट होतं, आता दिवस कसा काढू याची भीती वाटते.

मालक तुला बोलावतील. माझ्यावरच्या रागापायी नाही म्हणू नकोस.

माफीचा शब्द इथे लिहिलेला नाही, तो तोंडावर म्हणायचाय. रविवारी सकाळी येते. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

जिला तू पूर्वी ताई म्हणायचीस,
ती