डबा सैल होईपर्यंत

प्रिय हरिश्चंद्रा,

अनेक आशीर्वाद. तू मुंबईहून एसटीच्या टपावर चढवून दिलेला तो घुमणारा डबा, सबवूफर, धड पोचला. भागोजीने रत्नागिरीच्या स्टँडवरून उतरवून आणला, केरू वायरमनने आपल्या टेपला तारा जोडल्या आणि कुठलं बटण दाबायचं ते मला शिकवलं. ओटीवर ठेवलाय. केवढं ते धूड! पुढच्या भोकात आपली तांबडी कोंबडी अंडं घालायला बघते, तिला हाकलता हाकलता माझा दिवस जातो.

तू भागोजीला लिहिलंस की नवा सबवूफर ताठ असतो, थोडे दिवस हळू वाजवून सैल करावा, मगच शिमग्यात नमनाला मोठ्याने लावावा, तोवर आजीकडे राहू दे. नमन मंडळाचा मुख्य तो, त्याला लगेच पटलं. मृदंगाला चढवलेली कातड्याची नवी पुडी काय कुणी पहिल्याच दिवशी बडवतं, म्हणाला. तुझे आजोबा तर नव्या पुडीला कणीक लावून नुसती बोटांनी कुरवाळत बसायचे. मी म्हणायची, मी नवी नवरी आले तेव्हा एवढं कौतुक नाही केलंत.

पण केरू म्हणतो, हे सगळं खोटं. कारखान्यातून आला तसाच तो शेवटपर्यंत राहतो, सरावतात ते ऐकणाऱ्याचे कान. आता यात खरं कोणाचं धरायचं? भागोजी रोज अंगणाच्या गडग्यापाशी येऊन हातवारे करून विचारतो, आजी, झाला का सैल? विचारतो कुणाला तर मला. दारात एसटीने भोंगा मारला तरी मी आपली तांदूळ निवडत असते, हे सगळ्या वाडीला ठाऊक.

तरी सांगते, काहीतरी बदललंय. पहिल्या दिवशी मला काहीच कळलं नाही, नुसता काळा पुठ्ठा थरथरताना दिसला. मग एकदा काजूगर सोलताना डब्याला पाठ टेकली आणि पाठीत धूम् झालं. मग जमिनीतून तळव्यांत यायला लागलं. आता तर थाप कुठे पडली आणि हात कुठे उचलला, तेही बरगडीला समजतं. केरूचं खरं मानलं तर माझे कान सुधारले म्हणायचे. पण कान आहेत तसेच, परवा त्याच्याच हाकेला मी ओ दिली नाही. मग सैल झाला तो डबा, की माझी पाठ? मला काही उमगत नाही, एकटीच हसत बसते.

पालखी बाहेर पडायला आता थोडेच दिवस उरले. भागोजी डबा पालखी बसते त्या सहाणेवर न्यायला येईल, आणि देवाच्या कामाला मी नाही म्हणायची नाही. पण मी लावते ती कॅसेट कुठली, हे कुणाला सांगितलं नाही. मागच्या शिमग्यात तू आजोबांचं मृदंग वाजवणं टेपवर भरून घेतलंस ना, तीच. ते गेल्यावर टेपला कान चिकटवून कितीदा बसले, एक थाप पोचली नाही. आता रोज पोचते. म्हणून हे लिहायला बसले. तू भागोजीला कळव की सबवूफर गप्प राहिला की पुडीसारखा पुन्हा ताठरतो, तर शिमगा झाला की आजीच्या ओटीवर परत ठेवावा. खरं असो नसो, तुझं तो मानतो. आणि जमलं तर असंही लिही, की हे दर साली करावं लागतं.

तुझीच,
डब्याला पाठ लावून बसलेली आजी