न उघडायचं इंजिन

दादा, आज आपली टीम संपली. म्हणजे शर्यतीत गाड्या पळतील, चालवणारी पोरंही तीच, पण यंदापासून पेट्रोलच्या टाकीवर कंपनीचं नाव असेल. लातूरच्या गॅरेजातून, कुणा कंपनीचा एक टायरसुद्धा न घेता तुम्ही उभी केलेली टीम तुमच्या माघारी मी इतकी वर्षं ओढली. सकाळी कंपनीच्या करारावर सही करून टाकली.

नव्या मोटारसायकली दारात उभ्या आहेत. इंजिनाला सील आहे. ते आपण उघडायचं नाही, बिघडलं तर पुण्याहून त्यांचा माणूस येणार. ही अट वाचली आणि तुम्ही डोळ्यांसमोर आलात. मला शर्यतीत उतरू द्या म्हणून मी मागे लागले होते, तेव्हा तुम्ही हातात पाना दिलात. म्हणालात, "ज्यानं इंजिन खोललं न्हाई, त्यानं आपल्या गाडीवर बसायचं न्हाई." पोटच्या पोरीलाही सूट नव्हती. मी इंजिन खोललं, जोडलं, आणि एक वायसर उरला. तो मुठीत लपवला, तर तुम्ही नुसता हात पुढे केलात. पुन्हा सगळं खोलायला लावलंत. दुपारभर समोर स्टूल टाकून बसलात, पण बोट लावलं नाहीत. मला भयंकर राग आला होता. आई जेवायला हाका मारत राहिली, पण तुम्हीही उठला नाहीत.

मग शर्यतीचा दिवस, तो अजून तसाच दिसतो: टेम्पोत गाडी घालून आपण नांदेडला निघतो. लोह्याला चहा होतो. मैदानात कंपन्यांचे तंबू लागलेत. त्यांच्या पोरांचे हात स्वच्छ, आपल्यांचे कोपरापर्यंत काळे, आणि लोक हसतायत. त्या मातीत मी तिसरी येते. तुम्ही माझ्याकडे न बघता आधी इंजिनाखाली वाकता. "थेंबभर तेल गळलं न्हाई," एवढंच बोलता. त्या कौतुकावर मी आजवर जगले, दादा.

तुमची जुनी गाडी मी दिली नाही. ती गॅरेजात राहील, आणि नव्या पोरांनी ती खोलून जोडल्याशिवाय त्यांना सीलवाल्या गाडीवर बसू देणार नाही. कंपनीला त्याची काही हरकत नाही. मी विचारलं.

हे पत्र त्याच गाडीच्या सीटखाली ठेवते, दुसरीकडे कुठं धाडणार? सगळ्यांना सांगितलंय, पोरांच्या भल्यासाठी सही केली. तेही खरंच आहे. पण दादा, मी दमले होते. तुम्हीही कधी दमत होता का, हे विचारायचं राहूनच गेलं.