बेसिनमागच्या वरच्या दोन ओळी

४ मार्च, सोमवार
सौ. तिच्या धाकट्या बहिणीकडे गेली. जाताना दारात वळून म्हणाली, "अहो, त्या बेसिनमागच्या भिंतीचं काहीतरी करा. बुरशी घासून माझी नखं गेली. भिंत धड होईपर्यंत मी काही यायची नाही." आणि वर: "माणूस बोलवा. तुम्ही हात लावू नका."
गेल्यावर घर शांत. उत्तम वाटले.
भिंतीची पाहणी केली. बेसिनमागे टाइल्सच्या दोनच ओळी, त्यावर रंग, रंगाला फोड, फोडांना बुरशी. म्हणजे आणखी दोन ओळी चढवायच्या. आठ टाइल्स! एवढ्यासाठी माणूस? माळ्यावर जुन्या कामातल्या नऊ उरल्या आहेत, पांढऱ्या, निळ्या कडेच्या. फुकट.
संकल्प: शनिवारी भिंत पूर्ण. रोज दाढी.

५ मार्च, मंगळवार
हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, "काका, पाणसळ आहे? दातेरी थापी?" मी म्हणालो, नजर आहे. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. नजर काय असते हे अशांना कुठून ठाऊक? ती मापाने विकता येत नाही ना!
टाइल चिकटवायची पावडर तेवढी आणली. थापीऐवजी सौ.ची फणी. दातांना दात.
पिशवीवरच्या सूचना वाचल्या. भाषा अत्यंत दरिद्री. 'जुना रंग पूर्ण खरवडून काढा.' का काढा, कशासाठी काढा, काही नाही. नुसते हुकूम सोडायचे. रंग काढणार नाही. फोड अंगठ्याने दाबून सपाट केले.
दाढी राहिली.

६ मार्च, बुधवार
मेहुणा टपकला. सौ.चा भाऊ, तिनेच पाठवला असणार. याने स्वतःच्या बाथरूमला स्वतः टाइल्स लावल्या, आणि तेव्हापासून घरी आलेल्या माणसाला बसा म्हणायच्या आधी बाथरूम दाखवतो.
भिंतीवर टिचकी मारून म्हणाला, "भाऊजी, रंगावर लावलीत तर रंगासकट खाली येईल." मी म्हणालो, बरं. "आणि एकदा कालवलं की फार वेळ टिकत नाही हं. घड्याळ लावून बसा."
घड्याळ! आम्हाला सहावीत नावाड्याची कविता होती. नऊ कडवी. भाव धरून एकदा म्हटली की दहा मिनिटे, ना कमी ना जास्त. शाळेचे घड्याळ बंद पडले की गुरुजी मलाच उभे करत. हे त्याला सांगितले. तो हसला. ज्याच्या कानाला यमक कळत नाही, त्याने टाइल सरळ लावली काय आणि वाकडी लावली काय!

७ मार्च, गुरुवार
शुभारंभ. मिश्रण टूथपेस्टइतके दाट कालवले. कविता सुरू केली, हात चालू लागला. सहाव्या कडव्यापर्यंत सगळे यथासांग. तिथे 'पैलतीराला दिवा दिसेना' ही ओळ येते आणि गळा दाटतो. खिडकीजवळचा बाक, उन्हात तरंगणारी खडूची धूळ, गुरुजींचा तो कातर आवाज. पुढचे आठवेना. पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा सहावे, पुन्हा गळा. तिसऱ्यांदाही तेच.
बादलीत पाहतो तर मिश्रणाचा धोंडा. फणी त्यात उभी. हलत नाही.
दोष पावडरीचा. हल्ली कशातच दम नाही.
संकल्प: उद्या भाव न धरता म्हणायची.

८ मार्च, शुक्रवार
भाव न धरता म्हटली. बाजारात भाजी विकल्यासारखी. लाज वाटली, पण आठही टाइल्स भिंतीवर! एक ठोकताना तडकली, ती धरून नऊ संपल्या. मधल्या फटींत आगकाड्या. वरची ओळ उजवीकडे किंचित चढते. उमेद वाढवणारी आहे.
मेहुण्याचा फोन. पाणसळ पाठवू का म्हणे. नको म्हणालो. पाणसळीत काय असते? एक बुडबुडा. त्याच्या भरवशावर हा माणूस मला शिकवणार.
जेवायला दोन ताटे घेतली. सवय. एक परत ठेवले.

९ मार्च, शनिवार
सकाळी एक टाइल बेसिनमध्ये. शाबूत. पाठीला भिंतीचा रंग घट्ट चिकटलेला. म्हणजे माझे काम पक्के. सुटला तो रंग, आणि तो मी लावलेला नाही. पुन्हा बसवून चिकटपट्टी मारली.
फोटो काढला. ओळ सरळ दिसावी म्हणून फोन कलता धरला. सौ.ला पाठवला: 'भिंत झाली. ये.'
उत्तर आले, "बेसिन वाकडं का दिसतंय?" बाईमाणसाचे लक्ष नको तिथे जाते. थोड्या वेळाने, "उद्या येते."
दाढी केली. दोनदा.

१० मार्च, रविवार. सकाळ
सौ. आली. बॅग बाहेरच्या खोलीत तशीच ठेवली. "आधी भिंत बघते. मग बॅग उघडायची की नाही ते ठरवू."
नळ सोडला. हात धुतले. मुद्दाम बराच वेळ, मुद्दाम शिंतोडे उडवत. आधी चिकटपट्टी सुटली. मग एकामागून एक सात टाइल्स रंगाचे पापुद्रे घेऊन बेसिनमध्ये आल्या. सातही फुटल्या. आठवी मी तळव्याने दाबून धरली.
सौ. म्हणाली, "माझी फणी कुठंय?"
मी विषय बदलला. म्हणालो, ही बघ, ही धरते आहे. फक्त दहा मिनिटे हवीत.
तिने एकदा टाइलकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. "बरं. धरा दहा मिनिटं. ती एक जरी भिंतीवर राहिली ना, तरी उघडते बॅग. आणि ती तुमची कविता म्हणा मोठ्यानं. आवाज बंद झाला की समजेन, हात काढलात."

त्याच दिवशी. बाथरूम
डाव्या हाताने लिहितो आहे, वही बेसिनच्या काठावर. उजवा भिंतीवर. म्हणणेही चालू आहे. पाच कडवी निर्विघ्न. टाइल हलत नाही. मेहुण्याला बोलावून दाखवायला हवे.
सहावे. गळा. पुढचे आठवेना.
बाहेरून सौ.ने पुढची ओळ सांगितली! संसारभर ऐकून पाठ झाली असणार. कधी बोलली नाही. पण चाल? साफ चुकीची. ठेकाच धरलेला नाही. असली चाल गुरुजींनी क्षणभर खपवून घेतली नसती. मीही नाही घेतली. टाळी वाजवून ठेका दाखवला.

आता उजव्या हाताने लिहितो आहे. आठवीही बेसिनमध्ये.
बाहेर बॅगेचा आवाज आला. उघडल्याचा की उचलल्याचा, ते इथून कळत नाही.