ड्रायव्हरच्या मागची सीट

४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघ्याचे व्यायाम करतेस की मला नुसतं लिहितेस? इकडे सगळं ठीक, म्हणजे ह्यांचं घोरणं सोडून. तू राहायला आलीस तेव्हा विचारलं होतंस, घरात लाकडाची वखार उघडली का म्हणून. ती आता दिवसाही चालते. परवा जेवताना घास हातात तसाच आणि ह्यांचा डोळा लागला. लेकीनं फोटो काढला, आम्ही पोट धरून हसलो. मग एकदम मनात आलं, सकाळी ह्याच हातात शाळेची बस असते. माझं हसू तिथंच विरलं.

आणखी एक. घोरता घोरता हे मधेच गप्प होतात. श्वासच नाही. हलवू की नको, असं मला होतं, तेवढ्यात बुडता माणूस वर यावा तसा मोठ्यानं श्वास घेतात आणि कूस बदलतात. सकाळी विचारलं तर म्हणतात, झकास झोप झाली. मग रोज डोकं का दुखतं, ते सांगत नाहीत. तू छातीच्या वॉर्डातली नर्स, म्हणून तुलाच विचारते.

माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.
तुझी ठकी

१२ जुलै

चि. ठकीस,
अ. आ.

गुडघा आहे तिथंच आहे, त्याला सोड. वखारीचा विनोद मी मागे घेते. तू लिहिलंस तो आजार आहे. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू दचकून जागा होतो, आणि माणसाला पत्ता नसतो. रात्रभर अंथरुणात असूनही तो नीट झोपलेला नसतो. आमच्याकडे रक्तदाबाचे, हृदयाचे, पक्षाघाताचे कितीतरी पेशंट येतात. डॉक्टर घोरण्याबद्दल विचारतात तेव्हा बायको हसते आणि नवरा लाजतो. डॉक्टर म्हणतात, हा आजार असलेल्या बहुतेकांना तो आहे हेच माहीत नसतं. घोरतो म्हणून दवाखान्यात कोण जातं?

मेहुण्यांना तपासणीला पाठव. अंगाला वायरी लावून एक रात्र झोपायचं, एवढंच. नाकावर मास्क लावायचं मशीन मिळालं की माणूस बदलतो. तोवर त्यांना बसवर बसू देऊ नकोस.

जिवाला जप, आणि उत्तर लगेच लिही.
ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बसू देऊ नकोस, हे लिहायला सोपं आहे गं. हे म्हणाले, एकदा कागदावर आलं की मला बसवरून उतरवतील, आणि मला दुसरं येतं काय? मग बोलणंच टाकलं. शेवटी लेक रडली तेव्हा नाव नोंदवून आले, पण तारीख मिळाली थेट हिवाळ्यातली. मुख्याध्यापिकाबाईंना सांगावं तर घर बसतं. न सांगावं तर बसमध्ये इवली इवली पोरं असतात.

बसमधली मदतनीस सोडून गेली. ती जागा मी मागून घेतली. ह्यांच्या मागच्या सीटवर बसते आणि तोंडाचा पट्टा सुरू ठेवते. पोरं मला रेडिओमावशी म्हणतात. हे म्हणतात, लग्न झाल्यापासून तू माझ्याशी एवढी बोलली नव्हतीस. मीही हसते. पण ह्यांची मान जरा कलली की मी पुढं वाकून ह्यांचा खांदा हलवते.

रागावू नकोस. तुझा राग मला आत्ता झेपणार नाही.
ठकी

१० ऑगस्ट

चि. ठकीस,
अ. आ.

रागावले आहे. तुझ्या बडबडीनं ही झोप थांबत नाही, ती विचारून येत नाही. बाईंना सांग. तारीख अलीकडे यावी म्हणून मी तपासणीवाल्यांच्या हातापाया पडले. तिथला मुलगा म्हणाला, रांगेत पुढं असलेले सगळे कुणाचे तरी मेहुणेच आहेत. इतकी वर्षं दवाखान्यात काढली आणि घरच्या माणसासाठी मला एक रात्र मिळत नाही.

पत्र मिळताच बाईंकडे जा.
ताई

२५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाईंना सांगितलं होतंस का, असं तू फोनवर विचारलंस आणि मी फोन ठेवून दिला, म्हणून लिहिते. मी बाईंकडे गेले नव्हते. अपघात झाला त्या दुपारी एका पोराला उलटी झाली म्हणून मी मागे गेले. तेवढ्यात बस हळूच फुटपाथवर चढली आणि एका बंद दुकानाच्या शटरवर आदळली. हे जागे झाले आणि विचारलं, कुठला स्टॉप आला? एका मुलीचा हात मोडला. भेटायला गेलो तर तिच्या आईनं दार अर्धंच उघडलं.

ह्यांनी स्वतः जाऊन बाईंच्या टेबलावर किल्ली ठेवली आणि सगळं सांगितलं. मग तपासणीची तारीख चटकन मिळाली. आता मास्क लावून झोपतात. पहिल्याच सकाळी डोकं दुखलं नाही. अंथरुणात बसून म्हणाले, झोप अशी असते होय? आणि भिंतीकडे तोंड करून रडले.

बाईंनी मला कामावर ठेवलंय. आज नवा ड्रायव्हर आला. माणूस चांगला, हसरा. ऑफिसबाहेर बाकावर वाट बघता बघता बसल्या जागी झोपला. घोरला, मग गप्प झाला, मग तसाच दचकून श्वास घेतला. मी धावत बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, दुपारी कुणाला डुलकी लागत नाही? त्याचे डोळे तपासले, रक्त तपासलं, सगळे कागद चोख आहेत. त्यालाच सांगायला गेले तर तो हसून म्हणाला, आमच्या घरात वडील, भाऊ, सगळे असेच घोरतात.

उद्या सकाळी बस निघेल. ताई, आता मी कुणाला सांगू?

तुझा हात डोक्यावर असू दे.
ठकी