मितभाषी लोसालिनेचं भाषण

ती. उईनीताईस,

धाकट्या लोसाचा नमस्कार. (खरं तर वाकून करायला हवा, पण गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे, तेव्हा बसल्या जागेवरूनच केला आणि तो ऑकलंडला पोचला असं समज.) तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला गेला का? धाकटीचं ते जमत होतं ते जमलं का? की अजून नुसतंच जमतंय? आमच्याकडे मी, हे आणि सहा डुकरं असे आठही जीव सुखरूप आहोत. यंदा कोनफळं मांडीएवढी आली आहेत. (माझ्या नव्हे, तुझ्या मांडीएवढी. राग मानू नकोस, मोठी आहेत असं सांगायचं होतं.)

अकरा महिन्यांत माझी दोनच पत्रं आली, तीही अर्ध्या अर्ध्या पानाची, म्हणून तू काळजीत पडलीस आणि ‘लोसा जिवंत आहे ना?’ असा निरोप पाठवलास. जिवंत आहे, ताई. फक्त मी बोलत नाही. हसू नकोस! तुला आठवतं ना, नुकुआलोफाच्या बाजारात माझ्या गाळ्यावर टोमॅटो घ्यायला आलेलं गिऱ्हाईक टोमॅटो मऊ पडेपर्यंत सुटायचं नाही. आपले पेनिसिमानी तरी माझ्या हाती कसे लागले? कोनफळं विकायला आले होते, वजन सांगून गप्प उभे राहिले, आणि मी त्यांना आपल्या आईच्या आजारपणापासून शेजारणीच्या पळून गेलेल्या कोंबडीपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, “तू बोलतेस तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं.” बाजारात घर कुठून आलं, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. एक्कावन्नाव्या वर्षी विधवेला असं कोणी म्हणालं तर ती दुसरं काय करणार?

पण यांच्या बेटाच्या, वावाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरता उतरता हे म्हणाले, “लोसा, एक सांगू? आमच्या ताईला बडबडी माणसं सोसत नाहीत. वर्षभर जरा जपून.” (यांचं त्या दिवसाचं बोलणं एवढ्यात संपलं.) यांची ताई म्हणजे आमच्या थोरल्या वन्सं, कालोलाइने. आपल्याकडे नवऱ्याच्या बहिणीचा मान काय असतो ते मी तुला सांगायला नको. तू स्वतः भावजींच्या बहिणीला भिऊन समुद्र ओलांडलास. त्यातून या गावच्या चटईघराच्या मुख्य. कोण कुठे बसणार, कोणाची वीण सैल, कोणाची चटई लग्नात द्यायच्या लायकीची आणि कोणाची डुकराखाली घालायची, सगळं त्या ठरवतात. पहिल्याच जेवणात माझ्या कानावर त्यांचं वाक्य पडलं. गावातल्या कुठल्याशा बाईबद्दल म्हणत होत्या, “तिचं तोंड म्हणजे बिनझाकणाचं भांडं. आमच्या चटईवर नको.” माझा अळूच्या पानातला घास घशात अडकला. तो तसाच गिळला, आणि त्याच्याबरोबर बोलणंही.

चटईघरात आम्ही चौदा बायका सकाळपासून केतकीची पानं घेऊन विणायला बसतो. पहिल्या महिन्यात माझी सगळी शब्दसंपत्ती म्हणजे ‘बरं’, ‘हो वन्सं’ आणि ‘असेल’. जीभ दातांत धरून बसायचे, खरंच धरून. तिसऱ्या दिवशी तिला फोड आला. घरीही सोय नव्हती, कारण वन्संचं घर दहा पावलांवर आणि आमच्या भिंती फळ्यांच्या. मग परसात जाऊन डुकरांना सांगायचे. दिवसभराचं सगळं, नावागावांसकट. महिन्याभरात सहाही डुकरं रोडावली. हे म्हणाले, “खाणं कमी पडतंय वाटतं.” मी म्हटलं, “असेल.”

आणि ताई, गंमत बघ. गप्प माणसाबद्दल लोकांचे काय काय गैरसमज असतात! माझ्या डोक्यात चाललेलं असायचं, की या समोर बसणाऱ्या पिसिलाच्या नाकावरचा तीळ वाढलाय की नाकच बसलंय, आणि ती शेजारणीला सांगायची, “लोसालिने किती विचारी आहे बघ.” बाजारात मी माणसांना खरोखर मदत केली, भांडणं सोडवली, दोन लग्नं जुळवली, तरी तिथे मी ‘ती बडबडी’. इथे काहीही न करता ‘ती शहाणी’. त्यांना मी आवडत नव्हते, माझं नसणं आवडत होतं. मग एकेक जण जवळ सरकून कुजबुजायला लागली. “तू कोणाला सांगणार नाहीस, म्हणून तुला सांगते.” (मला! ताई, मला!)

पिसिला उपासाच्या दिवशी दाराआड डब्यातलं मांस चमच्याने खाते आणि संध्याकाळी सगळ्यांच्या आधी भोवळ येऊन पडते. लाविनिया चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत मान डोलावत असते. नऊ वर्षांपूर्वी तिला कोणी बेसूर म्हणालं, तेव्हापासून ती नुसतं तोंड उघडते आणि मिटते. पाळकीणबाई एलेनोआ तर कळसच. पाळकांची प्रवचनं त्या लिहितात, आणि ज्या आठवड्यात भांडण झालं असेल त्या आठवड्यात मुद्दाम एक चूक घालून ठेवतात. (आठवतं, मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की आमचे पाळक नोहाच्या नावेत व्हेल मासा चढवतात? ते भांडण नव्या पडद्यांवरून झालं होतं.) मी मान हलवायचे, आणि घरी येऊन डुकरांना सांगायचे.

पाचव्या महिन्यात वन्सं माझ्या शेजारी येऊन बसल्या. नेहमीसारख्या ताठ. हातातली चटई माझ्या मांडीवर टाकली आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाल्या, “बघ, अशी विणायची.” मग खाली वाकून, अगदी हळू, “ही रांग सरळ आहे का गं?”

रांग सरळ नव्हती, ताई. दहा-बारा रांगा तिरक्या गेल्या होत्या, आणि वन्सं माझ्याकडे बघत होत्या म्हणजे माझ्या कानाशेजारी बघत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दुसऱ्यांच्या चटया त्या बोटांनी चाचपून नावं ठेवायच्या, आणि आम्हाला वाटायचं, केवढी जाणकारी! चटईघरातली पावलं मोजून ठेवली होती. माणसं आवाजावरून ओळखायच्या. (म्हणून बडबड सोसत नाही! सगळ्या एकदम बोलल्या की त्यांना घर दिसेनासं होतं.) पिसिला त्यांच्या जागेवर डोळा ठेवून आहे, तिला कळलं असतं तर त्याच दिवशी ‘विश्रांती घ्या आता’ म्हणून गोड बोलून कोपऱ्यात बसवलं असतं. चाळीस वर्षं मधल्या खांबाशी बसलेलं माणूस!

मी म्हटलं, “नाही वन्सं, तिरकी आहे.” त्या दिवसापासून दुपारी सगळ्या जेवायला गेल्या की मी त्यांची चटई उसवते आणि पुन्हा विणते. एका शब्दाने बोलणं नाही. हे मात्र मी डुकरांनाही सांगितलं नाही.

आता मुख्य प्रसंग. गेल्या महिन्यात बायकांचा मोठा मेळावा होता, चार गावांचा. पाळकीणबाईंनी विषय ठरवला, ‘कमी बोलणं, हाच खरा दागिना’, आणि वक्ता म्हणून सर्वानुमते मी! मी मान हलवून ‘नको’ म्हटलं, तर ते विनयाचं लक्षण ठरलं. हात जोडले, तर डोळे पुसले बायकांनी. वन्सं म्हणाल्या, “पाचच मिनिटं बोल. तुझ्याकडून जास्त अपेक्षा नाही.”

पांढरा पोशाख, कमरेला रिवाजाप्रमाणे मानाची चटई, वन्संची जुनी, गुंडाळलेली, समोर दोनशे बायका आणि पहिल्या बाकावर पाळक. मी ‘बहिणींनो’ म्हटलं, आणि स्वतःचा आवाज ऐकून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दहा महिन्यांनी माणूस घरी आल्यासारखं. मग मी काय थांबते? तुंबलेलं सगळं सुटलं. नावं घेतली नाहीत, एवढं माझ्या बाजूने लिही. म्हटलं, बहिणींनो, गप्प बसणं म्हणजे चांगुलपणा नव्हे. आपल्यातलीच एक बहीण नऊ वर्षं गायनात माशासारखं तोंड उघडमीट करते. हशा! लाविनिया सगळ्यांत मोठ्याने हसली, मग मधेच थांबली. म्हटलं, एक बहीण दाराआड मांस खाऊन दारापुढे भोवळ आणते. पुन्हा हशा, पिसिला सोडून. मग व्हेल माशावर आले. पाळक हसत होते, हसता हसता त्यांनी पाळकीणबाईंकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू असं हळूहळू उतरलं, जसं ओहोटीचं पाणी. मला थांबता येईना. प्रत्येक बाई दुसरीला हसत होती आणि स्वतःची पाळी आली की चटईची किनार चाचपत होती. मी त्याच भरात बोलून गेले, “आणि आपल्यात एक अशीही आहे, की जी सगळ्यांच्या चुका...”

आणि वन्संवर नजर गेली. पहिल्या बाकावर ताठ बसून त्या फुलदाणीकडे बघून कौतुकाने हसत होत्या. बोलता बोलता मी फुलदाणीपासून सरकून मधे आले होते, ते त्यांना दोनशे बायकांच्या हशात कळलंच नव्हतं.

वाक्य तिथेच तोडलं. “आमेन,” म्हटलं आणि खाली बसले.

चर्चमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी मनात बोटीचं वेळापत्रक काढलं. तेवढ्यात पाळकीणबाई उठल्या. चेहरा पांढराफटक, पण आवाज घंटेसारखा. “बहिणींनो, आपण लोसालिनेला ओळखतो. हिला धड दोन शब्द बोलता येत नाहीत. आज हिच्या तोंडून ही नाही, देव बोलला.” पिसिला तडक उभी राहिली. “खरंय! बिचारीला यातलं काय माहीत असणार?” लाविनिया तर रडायलाच लागली. पाळकांनी घाईघाईने गाणं सुरू केलं, आणि ताई, लाविनियाने त्या दिवशी गायलं. नऊ वर्षांनी! (तेव्हा ज्याने कोणी तिला बेसूर म्हटलं होतं, त्याचं काही चुकलं नव्हतं.) म्हणजे निकाल असा लागला: लोसाने चुगली केली असं ठरलं, तर या सगळ्यांनी ते उद्योग केले असंही ठरतं. त्यापेक्षा चमत्कार बरा. दोनशे बायकांत एकीनेही विचारलं नाही, की ती माशासारखी कोण. आता मला पूर्वीपेक्षा जास्त गप्प बसावं लागतं, आणि परवा एक म्हातारी हरवलेलं डुक्कर कुठे आहे ते माझ्या तोंडून ऐकायला तासभर ओट्यावर बसून होती.

मेळाव्याहून परत येताना वन्संनी माझं कोपर धरलं होतं. बघणाऱ्याला वाटावं, मला मान देतायत. म्हणाल्या, “मधेच का थांबलीस?”

“पुढचं आठवेना, वन्सं.”

“बोलता बरं येतं गं तुला. खोटं तेवढं जमत नाही.” फाटकापाशी आल्यावर म्हणाल्या, “आज तू मला तुझ्या जिभेवर धरलंस. असं रोज कोणाच्या तरी जिभेवर राहायचं माझं वय नाही. डोळे करून घेते.”

तेव्हा त्या पुढच्या आठवड्यात ऑकलंडला येत आहेत. गावात सांगितलंय, की तिकडच्या बायकांचं विणकाम तपासायला चालल्या. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. हे नमस्कार सांगतात. (सांगत नाहीत, मान हलवतात.)

तुझी,
लोसा

ता. क. वन्सं तुझ्याकडे उतरतील. सहा आठवडे. आधी विचारायला हवं होतं, पण तू ‘नाही’ म्हणायला जेवढा वेळ घेतेस तेवढ्यात विमान निघून गेलं असतं. एकच विनंती: त्यांना मी सांगून ठेवलंय, की आमच्या घराण्यात सगळ्याच बायका मितभाषी, आणि थोरली तर माझ्याहून अबोल. ताई, तू झोपेतही बोलतेस हे मला माहीत आहे. तुला ‘बरं’, ‘हो’ आणि ‘असेल’ एवढे शब्द पुरतील. फार झालं तर परसात जा. डुकरं नसतील तर भावजींना ने.

ता. क. २. हे पत्र वन्संबरोबरच पाठवते आहे. पट्टी सुटायच्या आत वाचून जाळून टाक. पहिल्याच डोळ्याची पट्टी. एकाच डोळ्याने वाचता येतं, हे विसरू नकोस.

ता. क. ३. पाकीट डकवलं होतं, ते पुन्हा उघडून लिहिते आहे. आत्ता वन्सं आल्या होत्या. म्हणाल्या, “काय लिहिलंस बहिणीला? वाचून दाखव.” मी पानं समोर धरून वाचून दाखवलं, “सर्व क्षेम. वन्संची काळजी घे. लोसा.” त्यांनी माझ्या हातातून कागद घेतले, चटईची वीण चाचपतात तसे अंगठ्याने एकेक पान सरकवलं, आणि परत देत म्हणाल्या, “अकरा पानं. अक्षर फारच मोठं काढतेस हो तू.”

मी म्हटलं, “असेल.”