अर्ध्या ओळीला टाळ्या

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (समोर येऊनच घातला असता, पण त्यासाठी तू दार उघडायला हवं.) गुडघा कसा आहे? रुसवा कसा आहे ते विचारत नाही, त्याची तब्येत ठणठणीत आहे असं मामीकडून कळलं. इकडे आम्ही मजेत. म्हणजे आई बोलत नाही, बाबा धड जेवत नाहीत आणि मी दोघांचे निरोप पोचवते.

काल बाबांचं लोकसंगीत महोत्सवातलं गाणं झालं. ते रेडिओवर म्हणाले होते ना, 'ही गाणी मी एकट्याने जिवंत ठेवली', आणि तू म्हणालास, 'मग गा एकटा'? तर गायले, मामा. एकटे.

दारातच मनगटाला प्लॅस्टिकची पट्टी बांधली, दवाखान्यात भरती करतात तशी. आत मऊ खुर्च्या आणि असा एसी की ऐकणारे कुडकुडत होते. आधी निवेदिका मातीबद्दल बोलली. (तिचे बूट बघता मातीशी फारशी ओळख नसावी.) इतकी बोलली की पडद्याआड बाबांचा घसा दोनदा तापून दोनदा गार झाला असेल. मग ते आले आणि सवयीने पहिली ओळ अर्ध्यावर सोडली. सोडणारच, जन्मभर तशीच सोडलीय, पुढची अर्धी तू झील धरून पुरी करायचास. सोडली आणि डावीकडे बघितलं. डावीकडे कुंडी होती.

लोकांना वाटलं, गाणं संपलं. टाळ्या! बाबांनी दुसरी ओळ घेतली. पुन्हा अर्धी, पुन्हा कुंडी, पुन्हा टाळ्या. माझ्या शेजारचे झब्बेवाले काका गहिवरून म्हणाले, "बघा, किती मोकळी जागा सोडतात!" मी म्हटलं, काका, ती मोकळी नाही, रिकामी आहे. त्यांनी मला चूप केलं.

तिसऱ्या ओळीला मला राहवेना. उभी राहिले आणि झील धरली. आता माझा आवाज तुला माहीतच आहे, दार करकरलं की भाची आठवते असं तूच म्हणतोस. पण शब्द बरोबर होते! बाबांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला तुझा रागच आला. तेवढ्यात रखवालदार आला. "मॅडम, लोकांना ऐकू द्या." अहो, ते माझे वडील आहेत. "मग घरी ऐकता की रोज." (नाही ऐकत. तू यायचा बंद झालास तेव्हापासून घरात कोणी गुणगुणतही नाही.) बाहेर काढलं मला, मामा. लोकगीतात लोकांपैकी एकीने तोंड घातलं म्हणून.

बाकीचा कार्यक्रम बाहेरच्या बाकावर बसून ऐकला. बंद दारातून गाणं येत नव्हतं, टाळ्या तेवढ्या येत होत्या. घरी येताना बाबा एवढंच बोलले, "कुंडी फार मोठी होती."

चूक त्यांचीच आहे. आईही तेच म्हणते. ती तुझी सख्खी बहीण, तिचं मत सोड, पण मी तर त्यांच्या बाजूची, आणि मीही तेच म्हणते. तू माफ वगैरे करू नकोस. मामीला नमस्कार.

तुझी,
हाकलून दिलेली भाची

ता. क. कार्यक्रम गाजला, मामा, हीच तर बोंब आहे. सकाळी आयोजकांचा फोन आला, रविवारी पुन्हा गा, आणि त्या मधल्या शांतता जरा वाढवा, लोकांना फार आवडल्या. बाबा हो म्हणाले! मघापासून आरशासमोर सराव चाललाय, अर्धी ओळ म्हणतात आणि गप्प उभे राहतात. पहिल्यापेक्षा बरं जमतंय. टाळ्यांची सवय लागायला वेळ लागत नाही. रविवारी ये. भांडायला ये हवं तर, पण ये.

आणखी एक ता. क. मी कोणाला लिहितेय ते बाबांनी बघितलं. आत जाऊन आयोजकांना फोन लावला आणि म्हणाले, डावीकडे आणखी एक माईक लागेल. पलीकडून विचारलं असावं, कोणासाठी. बाबांनी डावीकडे बघितलं. मग म्हणाले, "कोणासाठी नाही. लावून ठेवा."