ग्लासखाली ठेवलीय ती मुंगी आहे

दादा,

मी कामावर जातेय. आज झाडायला म्हणून बाबांची खोली उघडली, तर खिडकीत पंखवाले किडे निघालेत. घाबरून फवारा मारू नकोस, त्या मुंग्या आहेत. माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस. एक ग्लासखाली झाकून ठेवलीय, बाबा ज्या भिंगातून घड्याळं दुरुस्त करायचे त्यातूनच बघ. मुंगीच्या मिशा कोपरात वाकवल्यासारख्या दिसतात आणि कंबरेवर बारीकशी गाठ असते. गांधीलमाशीच्या मिशांना असं कोपर नसतं, कंबरेला गाठही नसते. शिवाय चौकटीवर गळलेले पंख पडलेत. गांधीलमाशी पंख टाकत नाही.

एवढं बघायला मला मिनिटभर लागलं. गेल्या वर्षी मी दारातूनच म्हणाले होते, "मुंग्याच आहेत बाबा, हाताने झटका." गांधीलमाशीचा डंख बसला, अंगभर सूज आली आणि दवाखाना गाठेपर्यंत ते गेले. तेव्हापासून ही खोली बंद आणि तुझं माझ्याशी बोलणंही.

जन्मभर त्यांनी माझं एक अक्षर ऐकलं नाही. तेवढंच ऐकलं.